मावसाजींचा कान

आमच्या अकोल्याच्या मावसाजींनी हो म्हटल्याशिवाय अमरावती आणि अकोला या दोन जिल्ह्यांत कोणाच्या घरी पंखा फिरला नाही, मिक्सर गरगरला नाही आणि टीव्हीवर मुंग्यासुद्धा आल्या नाहीत, असं माझं ठाम मत आहे. माझ्या माहेरी, सासरी आणि या दोन्ही घरांच्या शेजारपाजारी विजेवर चालणारी अशी एकही वस्तू नव्हती, जिच्या पोटाला मावसाजींनी कान लावलेला नव्हता. मावशीचे यजमान म्हणून ते आमचे मावसाजी. पण हळूहळू ते दुकानदारांचेही मावसाजी झाले. एका दुकानाचे मालक तर त्यांच्याहून वयानं मोठे होते, तेही 'या मावसाजी' म्हणायचे आणि लगेच चहा सांगायचे, कारण मावसाजी आले म्हणजे दुपार गेली हे त्यांना अनुभवानं कळलेलं होतं. अशा या माणसाच्या स्वतःच्या घरात मावशीचा कान हळूहळू बंद होत गेला आणि तिच्यासाठी मशीन निवडायची वेळ आली, ते सांगायला मी बसले आहे. पण मावसाजी कसे होते हे आधी सांगितल्याशिवाय त्यात काही राम नाही.

मावसाजी जठारपेठेत राहायचे आणि नगरपालिकेच्या शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झाले होते. यंत्रांचं शिक्षण त्यांनी कुठे घेतलं ते कोणाला माहीत नाही. मला वाटतं, कुठेच घेतलं नव्हतं. त्यांचा सगळा भरवसा कानावर. "वस्तू पाहाची नसते, आयकाची असते," असं ते म्हणायचे. दुकानात गेले की पंखा लावायला सांगायचे आणि त्याच्याखाली स्टूल घेऊन बसायचे. मान किंचित तिरपी, तोंड अर्धवट उघडं, नजर कुठेतरी लांब, बहुधा सातपुड्याच्याही पलीकडे. छताला ओळीनं पंखे वेगवेगळ्या गतीनं फिरत असायचे, बाहेर अकोल्याचं ऊन डांबराला चिकटून बसलेलं असायचं, आणि त्या घरघरीत मावसाजी असे हरवून जायचे की शेजारी बसून मलाही गुंगी यायची. त्या दुपारी आठवल्या की अजून वाटतं, आम्ही काही विकत घ्यायला गेलोच नव्हतो, कोणीतरी दुरून काहीतरी सांगत होतं ते ऐकायला गेलो होतो. बऱ्याच वेळानं मावसाजी परत यायचे, म्हणजे स्टुलावरच असायचे, पण परत यायचे, आणि विक्रेत्याला शांतपणे सांगायचे, "हा पंखा दुःखी हाय. दुसरा लाव."

लग्न होऊन मी अमरावतीला बिऱ्हाड केलं तेव्हा मिक्सर घ्यायला मावसाजी खास अकोल्याहून आले. आल्या आल्या त्यांनी मला नवी साडी बदलायला लावली. दुकानदार गिऱ्हाइकाचं तोंड पाहत नाही, पाय पाहतो, म्हणून चपलाही जुन्या घालायच्या. उपाशी जायचं नाही, कारण भुकेला माणूस लवकर हो म्हणतो. भरपेट जेवूनही जायचं नाही, कारण जेवलेला माणूस बसायला खुर्ची शोधतो, आणि खुर्ची मिळाली की उपकाराखाली येतो. माझे यजमान बूट घालायला लागले तर मावसाजी मला बाजूला घेऊन म्हणाले, "जावयाले घरीच ठेवजो. मानसाले दुकानात भाव कराची लाज वाटते, आन् लाज लय महाग पडते." मग आम्ही राजकमल चौकाजवळच्या एका दुकानात गेलो. तिथे मावसाजींनी मिक्सरकडे ढुंकूनही पाहिलं नाही. त्यांनी फ्रिज दाखवायला सांगितले. एकेक दार उघडून, फटीत बसचं तिकीट धरून दार लावायचं आणि तिकीट ओढून पाहायचं. सहज निघालं तर दार ढिलं, थंडी बाहेर जाणार. असे दुकानातले सगळे फ्रिज झाले. विक्रेता घामाघूम झाला. मला तर लाजेनं जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं होतं. शेवटी मावसाजी दाराकडे निघाले आणि जाता जाता, कोपऱ्यातल्या मिक्सरवर हात ठेवून, जणू आत्ताच दिसला अशा आवाजात म्हणाले, "अन् हे कसं देलं?" तो बिचारा इतका दमला होता की त्यानं खरा भाव सांगून टाकला.

याही आधीची एक पायरी असायची. कुठलीही मोठी वस्तू घ्यायच्या आधी मावसाजी जुन्या शहरात पंखे-रेडिओ दुरुस्त करणाऱ्या चाचांच्या दुकानात जाऊन बसत. "नवी वस्तू नव्या दुकानात कळत नाई. ते मिस्तरीच्या दुकानात कळते. जी तिथं पडलेली दिसन, ती घ्याची नाई." चाचा आणि मावसाजी ही जोडी बघण्यासारखी होती. एक हिंदीत बोलायचे, एक वऱ्हाडीत, आणि दोघांनाही आपण एकच भाषा बोलतो असं वाटायचं. एकदा एका कंपनीच्या इस्त्र्यांचा ढीग चाचांच्या पायाशी पडलेला होता. मावसाजींनी नुसती भुवई वर केली. चाचा म्हणाले, "मास्टरजी, इस कंपनी को अल्लाह माफ करे, मैं तो नहीं करता." त्या कंपनीची इस्त्री आमच्या सबंध नातेवाइकांत कोणी घेतली नाही.

आज हे सगळं चेष्टेनं लिहिते आहे, पण तेव्हा मावसाजींची गरज खरीखुरी होती. ती वर्षं वऱ्हाडात वाईट होती. कापसाला भाव नाही, पाऊस ऐन वेळी पाठ फिरवायचा, आणि गावाकडून अवेळी फोन आला की उचलण्याआधी घरातलं कोणीतरी देवाचं नाव घ्यायचं. सकाळचा पेपर वडीलधारी माणसं आधी चाळायची आणि मगच आम्हाला द्यायची. त्या दिवसांत चुकीची वस्तू घेणं कोणालाच परवडत नव्हतं. शेतीवर जगणाऱ्या आमच्या गोतावळ्यात एखादा कूलर यायचा तो चार वर्षांच्या विचारानंतर यायचा, आणि तो बंद पडला तर पुढच्या चार वर्षांचा विचार वाया जायचा. म्हणून लोक मावसाजींना न्यायला यायचे, आणि मावसाजी कोणालाही नाही म्हणायचे नाहीत. कूलर कार्तिकात घ्यायचा, स्वेटर वैशाखात, आणि टीव्हीच्या दुकानात मॅचच्या दिवशी पाऊल ठेवायचं नाही, हे त्यांचं पंचांग आमच्याकडे खऱ्या पंचांगाशेजारी पाळलं जायचं.

भेटवस्तूंबाबत तर ते फारच हळवे होते. लग्नात भिंतीवरचं घड्याळ दिलेलं पाहिलं की त्यांना देणाऱ्याची कीव यायची. त्यांची रीत अशी की लग्नाच्या महिनाभर आधी काहीतरी निमित्त काढून त्या घरी जायचं, पाणी मागायचं, आणि पेला परत देईपर्यंत घरभर नजर फिरवायची. "भेट द्याची तर त्या घरातली खाली जागा पाहाची," असं ते म्हणत, खाली म्हणजे रिकामी. अंजनगाव सुर्जीला त्यांच्या पुतणीचं लग्न निघालं, तेही पिकानं दगा दिलेल्या वर्षी, मांडव अर्धा आणि वाजंत्री पाव. मावसाजींनी आहेरात दिला चार्जिंगचा दिवा. वरपक्षाकडच्या एका काकूंनी तो उचलून पाहिला आणि 'मास्तर लोक असेच' अशा अर्थाचं नाक मुरडलं. गोरजमुहूर्त होता. अंतरपाट धरला, भटजींनी पहिला मंगल शब्द उच्चारला आणि लाईन गेली. जनरेटरवाला पैसे कमी केले म्हणून आलाच नव्हता. मग त्याच काकूंनी आहेराच्या ढिगातून तो दिवा शोधून काढला आणि शेवटपर्यंत नवरानवरीवर उंच धरून उभ्या राहिल्या. त्या पांढुरक्या उजेडात अक्षता पडताना पाहिल्या तेव्हा मला कोणी स्वप्नातलं लग्न दाखवत असल्यासारखं वाटलं. मावसाजी मागच्या रांगेत होते. ते अक्षता टाकायला विसरले, दिव्याची घूं घूं ऐकत राहिले.

आता गंमत अशी की या माणसाच्या स्वतःच्या घरात काहीही नव्हतं. एक पंखा, तोही लग्नातला. मावशीनं कूलर म्हटलं की मावसाजी म्हणायचे, थांब, भाव उतरन. भाव उतरला की म्हणायचे, थांब, नवा येऊन राहिला. चार्जिंगचा दिवा त्यांनी साऱ्या जगाला घ्यायला लावला, आणि स्वतः मेणबत्त्या वापरत त्याच्या पुढच्या मॉडेलची वाट पाहिली. मावशी हसायची. ती गोड गळ्याची, दर गुरुवारी मोहल्ल्यातल्या बायकांच्या भजनात खंजिरी वाजवणारी, वर्षातून एकदा गुरुकुंज मोझरीच्या आश्रमात जाऊन येणारी बाई. तिला मी कधी चिडलेली पाहिली नाही. मला मात्र तिच्या वतीनं राग यायचा.

मावशीचा कान कधीपासून जात होता ते नीट सांगता येणार नाही. आधी तिला दाराची कडी ऐकू येईना, मग फोनवर ती सगळ्यालाच 'बरं, बरं' म्हणायला लागली. मग एका गुरुवारी भजनात तिची खंजिरी एकीकडे आणि बायका एकीकडे असं झालं. कोणी काही बोललं नाही, पण मावशीला त्यांच्या तोंडांवरून कळलं. पुढच्या गुरुवारी तिनं गुडघ्याचं कारण सांगितलं, त्याच्या पुढच्या गुरुवारी कारणही सांगितलं नाही. कानाच्या डॉक्टरांनी तपासून मशीन लावायला सांगितलं आणि वर म्हणाले, "मास्तर, यात वाट पाहू नका. फार दिवस ऐकलं नाही तर माणूस शब्द ओळखायचं विसरतं." मावसाजी त्या दिवशी घाबरलेले मी पाहिले. थांब, भाव उतरन, हे वाक्य त्यांनी यावेळी उच्चारलं नाही. लगेच दुसऱ्या दिवशी ते हिंडायला लागले.

अकोला झालं, मग अमरावती. माझ्याकडे मुक्काम टाकून त्यांनी कानाच्या मशीनच्या दुकानाला पंख्याच्या दुकानासारखं धरलं. मावशीला प्रवासात त्रास नको म्हणून तिला घरीच ठेवलं होतं. डॉक्टरांचा कागद दाखवायचा आणि एकेक मशीन स्वतःच्या कानात घालून बसायचं. मान तिरपी, तोंड उघडं, नजर सातपुड्यापलीकडे. दुकानदार म्हणाला, घालणाऱ्यांना घेऊन या. मावसाजी म्हणाले, "घालनारी माह्याच घरची हाय. मले तिचा कान ठाऊक हाय." एक मशीन कर्कश, एक खरखरणारं, एक नुसतंच बोंबलणारं. शेवटी एक अगदी इवलंसं, कातडीच्या रंगाचं मशीन त्यांना पटलं. त्यांनी ते मलाही ऐकवलं. खरंच, भिजवलेल्या खसाच्या ताटीतून वारा यावा तसा त्यातून आवाज येत होता. "पाह्य," ते म्हणाले, "हे सुखी हाय."

मावशीनं ते घातलं आणि मावसाजींनी विचारलं, "आयकू येऊन राहिलं का?" मावशी त्यांच्या तोंडाकडे पाहून म्हणाली, "हो ना. मस्त येते." झालं. साऱ्या गोतावळ्यात मावसाजींच्या कानाचा आणखी एक जयजयकार झाला. ते दिवसातून अनेकदा तिच्यासमोर उभे राहून तोच प्रश्न विचारायचे आणि ती तेच उत्तर द्यायची. गुरुवारी ती भजनाला मात्र जात नव्हती, पण गुडघ्याचं दुखणं खरंच असेल असं आम्ही धरून चाललो.

मी अकोल्याला गेले होते तेव्हाची गोष्ट. दिवेलागणीची वेळ. आम्ही तिघं बैठकीत बसलो होतो आणि लाईन गेली. "अवं, आगपेटी कुठी हाय?" मावसाजींनी अंधारात विचारलं. मावशी बोलली नाही. त्यांनी पुन्हा विचारलं, मग थोडं मोठ्यानं. मावशी त्यांच्यापासून हातभरावर बसलेली, तिच्या बांगड्यांची हालचाल मला कळत होती, पण ती बोलेना. मी चाचपडत देवघरातून आगपेटी आणली आणि मेणबत्ती लावली. उजेड मावसाजींच्या तोंडावर पडला. त्यांचे ओठ हलत असलेले मावशीला दिसले, आणि ती नेहमीसारखी गोड हसून म्हणाली, "हो ना. मस्त आयकू येते."

मावसाजींनी तिच्या कानातलं मशीन हळूच काढून स्वतःच्या कानात घातलं. ते सुरू होतं. सुखी होतं. त्यांनी ते तळहातावर घेऊन मेणबत्तीजवळ धरलं. मावशीच्या डोळ्यांत पाणी आलं. ती ओशाळून माझ्याकडे पाहत म्हणाली, "यायले इतकं आवडलं होतं वं ते. इतकं हिंडून आनलं. मंग मी कशी सांगू?" मला तिचा राग आला, त्यांचा आला, आणि आम्हा सगळ्यांचाच आला, कारण मावसाजींनी निवडलेल्या वस्तूला आमच्या घरात कधी कोणी नाव ठेवलेलं नव्हतं. तसं नाव ठेवायला तिला कोणी शिकवलेलंच नव्हतं. रात्री मावसाजी जेवले नाहीत. सकाळी मला विचारत होते, "तुह्यावाला मिक्सर खरंच बरा चालते का, का तूबी तसंच म्हनते?" मिक्सर उत्तम चालत होता. मी शपथेवर सांगितलं, तरी त्यांचा विश्वास बसेना.

त्याच आठवड्यात दोघं अमरावतीला आली आणि आम्ही त्या दुकानात गेलो. घातलेलं मशीन परत घेत नाही, हे दुकानदारानं भीत भीत सांगितलं. मावसाजी नुसतं "बरं" म्हणाले आणि बाहेरच्या पायरीवर जाऊन बसले. दुकानाच्या बाहेर बसलेले मावसाजी मी त्याआधी कधी पाहिले नव्हते. आत मावशी खुर्चीत नीट मांडी घालून बसली आणि अशी गिऱ्हाईक निघाली की दुकानदाराला जुनं गिऱ्हाईक आठवलं असेल. पहिलं मशीन कानात गेल्यावर ती त्याला म्हणाली, "भाऊ, तुमी तिकडं भिताडाकडं तोंड करा आन् मंग बोला." तो भिंतीशी बोलायला लागला. मावशी मान हलवून मशीन काढून ठेवायची. असं एकामागून एक चाललं. छोटी, नाजूक, महाग, सगळी झाली. शेवटी त्यानं संकोचून एक जुन्या तऱ्हेचा डबा काढला, गळ्यात अडकवायचा, त्यातून कानापर्यंत वायर. दिसायला अगदीच कसंतरी. मावशीनं तो लावला. भिंतीकडे तोंड करून तो म्हणाला, "काकू, नाव काय तुमचं?" आणि मावशीनं आपलं नाव सांगितलं.

तिनं मला मावसाजींना बोलवायला पाठवलं. ते दारात आले तर म्हणाली, "तिथंच उभे राहा. रस्त्याकडं तोंड करा. आता बोला."

"काय बोलू?"

"काईबी बोला."

मावसाजी आमच्याकडे पाठ करून उभे राहिले. समोरून सायकली, रिक्षा जात होत्या.  जे सुचण्यासारखं होतं तेच त्यांना सुचलं. कूलर कार्तिकातच काहून घ्यावा, ताटी कोणत्या गवताची चांगली, मोटार जड का पाहिजे, असं ते रस्त्याला सांगत राहिले. मावशी गळ्यातला डबा हातात धरून ऐकत होती. दुकानदार थांबला होता, मी थांबले होते. मग ती हळूच म्हणाली, "तुमचा आवाज म्हातारा झाला वो."

मावसाजी बोलायचे थांबले. वळले नाहीत. त्यांच्या सदऱ्याची पाठ तेवढी मला दिसत होती. साऱ्या वऱ्हाडातल्या मोटारींची धाप ऐकणाऱ्या या माणसाला हे कोणी सांगितलं नव्हतं, आणि त्यालाही ते ऐकू आलं नव्हतं. तसेच पाठमोरे ते म्हणाले, "आता घातलेली वस्तू कोनी परत घेत नाई."

"मी कुठी बदलून मांगून राहिली," मावशी म्हणाली.

संध्याकाळी मी त्यांना अकोल्याच्या बसमध्ये बसवून दिलं. मावशीला खिडकीची जागा मिळाली. स्टँडवर नेहमीचा गलका होता, फेरीवाले, कंडक्टरच्या शिट्ट्या, कुठल्याशा गाडीचा न थांबणारा हॉर्न, आणि त्यातलं काही म्हणजे काही चुकू नये अशा चेहऱ्यानं ती बसली होती. मावसाजी शेजारी गप्प होते. आपला आवाज आता जपून वापरावा असं त्यांना वाटत असावं. मावशीनं त्यांना कोपरानं ढोसलं आणि काहीतरी म्हटलं. बस निघाली तेव्हा मी काचेतून पाहिलं, तर मावसाजींचे ओठ हलत होते. काय सांगत होते ते मला ऐकू येत नव्हतं. मावशी त्यांच्याकडे पाहतच नव्हती. डोळे मिटून, सीटला डोकं टेकवून ती ऐकत होती.